उचललेला भंडारा

१९ नोव्हेंबर

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी टाचणवह्यांचा गठ्ठा काही टाकवला नाही. तेहतीस वर्षं झेडपीच्या शाळेत उद्या काय शिकवायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवत आले. त्यातली एक कोरी वही आज काढली. 'घटक', 'उद्दिष्टे' असे रकाने छापलेत, त्यांच्यावरनंच लिहिते. शेजारी सांगण्यासारखं हे नाही, आणि क्रांतीला फोन केला तर पोरगी घरदार टाकून सांगलीहून पहिल्या एसटीनं येईल.

आमचे हे पत्ते खेळतात. पैशानं.

मला कळलं ते डेअरीवर. दूध घालायला गेले तर बिराप्पा माप बघता बघता म्हणाला, "बाई, सुभेदारांस्नी शेडवर जाऊ देऊ नगा. लोक लुटाय लागल्यात त्यांस्नी." म्हटलं, कसली शेड? मग त्यानं सगळं सांगितलं. हायवेच्या ढाब्यामागं गावातल्या जयराजनं पत्र्याचं शेड टाकलंय, तिथं सकाळी अकरापासून तीन पानी चालते आणि आमचे सुभेदार दिवाळीपासून रोज हजर असतात. काठी घेऊन "फिरून येतो" म्हणतात ते हे फिरणं!

गोट्या पैशानं खेळणाऱ्या पोरांच्या हातावर छडी ओढणारी बाई मी. आणि माझ्याच घरात?

जेवताना विचारलं. वाटलं, नाही म्हणतील, चिडतील, निदान मान तरी खाली घालतील. तर म्हणाले, "व्हय, जातो की. मजा येती." आणि भाकरी मोडून कालवणात बुडवली. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. यात्रेतल्या चक्रीवर कधी रुपया लावला नाही ह्यांनी. मला पत्त्यांचा राग आला त्याहून जास्त त्या 'मजा येती'चा आला.

२४ नोव्हेंबर

गुऱ्हाळावरनं आणलेली गुळाची ढेप आठ दिवसांत अर्धी झाली. मला वाटलं उंदीर. आज बघते तर हे बत्त्यानं खडा फोडून तोंडात टाकतायत, तो संपायच्या आत दुसरा. जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायलेला माणूस. एकदा ताळतंत्र सुटलं की सगळीकडूनच सुटतं, दुसरं काय.

५ डिसेंबर

आज हे स्कूटरवर गेले आणि पायी घरी आले. स्कूटर कुठं म्हटलं तर जागच्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, "हाय की." कुठं हाय? तर पुन्हा, "हाय की." मी काय ते समजले. डावावर लावली आणि घालवली. दिवसभर मी चुलीशी बडबडत होते, एक शब्द बोलायचा ठेवला नाही ह्यांना.

चार वाजता बिराप्पा स्कूटर ढकलत घेऊन आला. "सुभेदार, स्टँडसमोर इसरून आलासा, चावी बी गाडीलाच." हे हसले. पण मी काय एवढी खुळी नाही. शेडवर गाडी दिसली तर बोभाटा होईल म्हणून स्टँडवर लपवून जात असणार. आता लबाडीही शिकले.

२१ डिसेंबर

मेढ्याहून आले. आल्या आल्या वही काढली.

आज आमच्या नाथाजीदादाचा दहावा होता. माझा थोरला भाऊ. वेण्णेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. दादाची काय इच्छा राहिली म्हणून सगळे हात जोडून उभे. ऋषिराज, दादाचा मुलगा, रडत म्हणत होता, "अण्णा, शेत विकणार नाही, आईला अंतर देणार नाही." तरी कावळा लांबच्या लांब. वहिनी पदर तोंडाला लावून बसलेली. आणि त्या शांततेत आमच्या ह्यांचा आवाज आला, "लावता का पैज? शंभर रुपयं. शिवत न्हाई आज."

सगळा घाट आमच्याकडं बघायला लागला. मी दंड धरून मागं ओढलं तर म्हणाले, "आगं, खरंच न्हाई शिवत, बघ तू." तेवढ्यात कावळा आला आणि शिवला. सगळ्यांनी निश्वास सोडला. ह्यांनी खिशातनं शंभराची नोट काढली आणि रडणाऱ्या ऋषिराजच्या हातावर ठेवली. "हरलो की रं!" असं म्हणून हसले.

ऋषिराज नोट दगडावर ठेवून पाण्यात उतरला. कुणीतरी बोललं असतं, शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. हे शेजारी शांत झोपले होते. ह्यांना लाज म्हणून काही उरलीच नाही. दादाला शेवटचा निरोपसुद्धा मला नीट देऊ दिला नाही.

१९ जानेवारी

पालीच्या खंडोबाला जाऊन आलो. यात्रा उरकून गाव रिकामं झालंय, देवळात गर्दी नव्हती. गुरवानं भंडाऱ्याची वाटी पुढं केली.

मी ह्यांना घरातनं निघतानाच सांगितलं होतं. पैसा गेला तर गेला, पेन्शन येते, ऊस आहे, आपण काही उपाशी मरत नाही. मला तुमचा शब्द पाहिजे. कारण ह्या माणसाचा शब्द म्हणजे काय ते मला माहीत आहे. क्रांतीच्या वेळी पत्र आलं होतं, 'बारशाला येतो.' बारशाच्या दिवशी गाड्या बंद होत्या. हे कऱ्हाडातनं चालत आले. बूट हातात, पाय फुटलेले, आणि दारात उभं राहून काय म्हणाले, तर "उशीर झाला का, बाई?" मास्तरीण म्हणून थट्टेनं मला तेव्हापासून 'बाई' म्हणतात. पंचेचाळीस वर्षांत दिलेला शब्द मोडलेला मी बघितला नाही.

म्हणून बेलभंडार. आमच्याकडं खरंखोटं करायला कोर्ट लागत नाही. तळहातावर बेलाचं पान, त्यावर चिमूटभर भंडारा, आणि देवासमोर बोललेला शब्द. तो खोटा करणाऱ्याचं डोकं फिरतं, हे लहानपणापासून ऐकत आलेय. माझ्या चुलत सासऱ्यांनी बांधाच्या वादात खोटा भंडारा उचलला आणि पुढं पिसाट होऊन रानोमाळ फिरले, असं सासूबाई सांगायच्या.

हे म्हणाले, "तू म्हनतीस तर उचलतो, बाई." आणि उचलला. "पत्त्याला हात लावनार न्हाई" असं स्वच्छ बोलले. मग "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणाले तेव्हा आवाज परेडवरचा निघाला. गुरवही हसला.

घरी आल्यावर हात धुवा म्हटलं तर धुतला नाही. पिवळा तळहात मांडीवर उलगडून ओसरीवर बसून राहिले. बघून मला भरून आलं. आज फार दिवसांनी पोटभर जेवले.

१४ फेब्रुवारी

मी स्वतः शेडवर गेले. भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन, एकटी. हायवेच्या कडेनं चालत जाताना दोन जुने विद्यार्थी भेटले, "बाई, सोडू का गाडीवर?" म्हणाले. त्यांना काय सांगणार?

हे मधोमध बसले होते. पुढ्यात पानं. मला बघून आनंदानं हाक मारली, "बाई! ये, बस." जयराजनं पत्ते गोळा करायला घेतले. मी म्हटलं, "अहो, बेलभंडार उचललाय तुम्ही. महिनासुद्धा झाला नाही."

"कसला भंडारा?"

"पालीला. माझ्यासमोर."

"म्या? कवा?" आणि बाकीच्यांकडं बघून म्हणाले, "म्या न्हाई बा उचलला कवा."

तोंडावर रेषसुद्धा हलली नाही. चोर खोटं बोलताना निदान नजर चुकवतो. हे माझ्या डोळ्यांत बघून बोलले. खेळले असते आणि "चुकलं, बाई" म्हणाले असते तर मी रडून भांडून पोटात घातलं असतं. पण उचललेला भंडारा नाकारला! देवालाही आणि मलाही.

घरी आले, पाय धुतले, देव्हाऱ्यातली वाटी घेतली आणि मीही उचलला. तुम्ही स्वतःच्या तोंडानं कबूल कराल की भंडारा उचलला होता, तोवर तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. हे दारात उभं राहून बघत होते. मी शेवटचं बोलले ते एवढंच.

२ मार्च

सोळा दिवस झाले. माझा शब्द माझाच आहे, मी मोडत नाही. ताट वाढलं की भांडं वाजवते, ते येऊन बसतात. पाणी तापलं की बादली आपटते. अडत काही नाही.

पहिले आठ दिवस माझ्या मागं मागं फिरत होते. "बाई, काय झालं? बोल की. माझं काय चुकलं?" काय चुकलं हे मीच सांगायचं? वर विचारतात!

एक मात्र आहे. शेडवर जाणं कमी झालंय. काठी घेऊन निघतात, ओढ्यापर्यंत जातात, तिथं उभे राहतात आणि परत येतात. माझ्या अबोल्याला गुण येतोय.

१७ मार्च

दाढी करायचं सोडलंय. पहाटे पाचला दाढी करून भांग पाडणारा माणूस, निवृत्तीनंतरही एक दिवस चुकला नव्हता. आता खुंट वाढलेत, सदरा चार दिवस तोच. आरशात स्वतःचं तोंड बघवत नसेल. नाहीतरी कसं बघवेल?

दुपारी गोठ्यात म्हशीशी काहीतरी पुटपुटत बसलेले दिसले. मी जवळ गेले तर गप्प झाले.

९ एप्रिल

आठवडा झाला, आता ह्यांनीही बोलणं सोडलंय. म्हणजे इरेला पेटलेत. पेटू देत. बघू कोण आधी वाकतं. मी शाळेत ह्यांच्यापेक्षा हट्टी पोरं सरळ केलीत.

घर मात्र फार शांत झालंय. दुपारी मी रेडिओ लावून ठेवते.

२६ एप्रिल

काल हे हरवले. हरवले म्हणजे अक्षरशः हरवले. सकाळी गेले ते दुपारपर्यंत पत्ता नाही. मी शेडवर माणूस धाडला, तर शेडला महिन्यापासून कुलूप. मग महिनाभर हे काठी घेऊन जात कुठं होते? तीन वाजता उंब्रजच्या स्टँडवरनं फोन आला. एका कंडक्टरनं ओळखलं म्हणून. चार तास बाकावर बसून होते. कुठं जायचंय विचारलं तर म्हणे, "युनिटला." पायात दोन वेगळ्या चपला.

क्रांतीला फोन केला, ती लगेच आली. बापाला बघून दारातच थबकली. "आई, अप्पा बोलत का नाहीत?"

मी सांगितलं. सगळं. शेड, दहावा, पाली, त्यांचा भंडारा, माझा भंडारा. आणि जे ह्या वहीतही लिहायचं धाडस झालं नव्हतं तेही सांगितलं. हे देवाचंच आहे. उचललेला भंडारा खोटा केला, म्हणून डोकं फिरलं. चुलत सासऱ्यांचं झालं तसंच. आणि उचलायला मी लावला. मीच माझ्या नवऱ्याला पिसा केला, क्रांती. पालीला जाऊन पाया पडू, दंड भरू, अभिषेक घालू.

क्रांती माझ्यावर कधी ओरडत नाही, आज ओरडली. "देवानं काही केलेलं नाही! किती महिने चाललंय हे? उद्या मिरजेला डॉक्टरकडं चला."

"आधी पाली," मी म्हटलं.

"आधी मिरज."

पोरगी माझीच आहे. ऐकणार नाही.

८ मे

मिरज झाली. नंबर लागायलाच दहा दिवस गेले. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, रक्त काढलं. एक बाई ह्यांच्यासमोर बसून तासभर प्रश्न विचारत होत्या. शंभरातनं सात वजा करत जा म्हणाल्या. हे फौजेत स्टोअरचा हिशोब तोंडी करायचे. त्र्याण्णव म्हणाले आणि थांबले, पुढं जाईनात. मग त्या बाईंना म्हणाले, "तुमीच लावा की बोली." मला तिथं बसवेना, मी बाहेर आले.

डॉक्टरीणबाई क्रांतीच्या वयाच्या आहेत. फोटो उजेडावर धरून दाखवला. कपाळामागचा भाग सुकलाय. म्हणाल्या, "आपल्याला थांबवणारा, लाज वाटायला लावणारा भाग हा. हा गेला की माणूस विसरायच्या आधी बदलतो. कुणी आयुष्यात कधी न खेळलेला जुगार खेळायला लागतं, कुणी गोड खात सुटतं, कुणी मयताला हसतं. घरच्यांना वाटतं, माणूस बिघडला. विसरणं मागनं येतं. ह्यांना तेही आलंय."

मी तोंडावर पदर धरला. गूळ. दादाचा दहावा. स्कूटर.

विचारलं, "कधीपासनं असेल?"

"तीन-चार वर्षं तरी."

म्हणजे भंडारा उचलला त्याच्या आधीच. देवानं नाही केलं. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं, आणि दोन क्षण वाटलंही. मग कळलं की आजारी माणसाच्या हातावर मी भंडारा ठेवला होता. आणि त्यांनी तो खोटा केलाच नव्हता. "कसला भंडारा?" हे खरं बोलले होते ते. माझ्या डोळ्यांत बघून खरं बोलले होते.

औषधांनी बरं होणार नाही म्हणाल्या. थोडं शांत ठेवता येईल. पैसे, गाडीची चावी हाताला लागू द्यायची नाही. मग कागद लिहिता लिहिता म्हणाल्या, "बोलणं हळूहळू जाणार. जेवढं बोलत ठेवाल तेवढं टिकेल. घरी दिवसभर त्यांच्याशी बोलणारं कोण आहे?"

क्रांती माझ्याकडं बघायला लागली.

"मी आहे," असं मी म्हटलं. आयुष्यात एवढं मोठं खोटं मी बोलले नव्हते.

९ मे

क्रांतीकडंच राहिलोय, विश्रामबागला. सकाळपासनं मी ह्यांच्यासमोर तीनदा जाऊन बसले. तोंड उघडते आणि मिटते. भंडारा उचलला आहे. कबूल करतील तोवर, असा शब्द आहे. आणि ज्यांना आठवतच नाही ते कबूल काय करणार? म्हणजे मी स्वतःला मरेपर्यंत बांधून घेतलंय. त्यांनी चुकून मोडला, मी जाणूनबुजून मोडायचा.

चौऱ्याऐंशी दिवस. आज मोजले. माझं काय चुकलं, बाई, असं आठ दिवस मागं फिरून विचारत होते. मी बादल्या आपटत होते.

१० मे

मोडला.

सकाळी गॅलरीत बसले होते, समोरच्या गुलमोहराकडं बघत. मी चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "अहो, चहा." एवढंच. घोगरा आवाज आला, माझा मलाच ओळखू येईना. देवा, डोकं फिरवायचं तर माझं फिरव, म्हटलं, आता ह्यांच्याकडं बघू नकोस.

त्यांनी कप घेतला. माझ्याकडं बघितलं ते परक्या बाईकडं बघतात तसं, अदबीनं. "लय उपकार झालं, आक्का," म्हणाले.

मी म्हटलं, "आक्का नाही, बाई. मी बाई आहे." ते मान हलवून हसले आणि चहा पिऊ लागले. मग मी बोलतच सुटले. म्हैस कुणाकडं ठेवलीय, उसाला पाणी कोण देतंय, बारशाला चालत आलात ते आठवतं का, बूट हातात घेऊन. दोन तास बोलले. घसा बसला. मध्येच उठून ते आत निघून गेले.

१५ मे

रोज बोलते. मराठीचा तास चालल्यासारखी. कधी बाई म्हणून ओळखतात, तो दिवस चांगला. जास्त करून आक्काच.

बोटं सारखी चाळवत असतात. रुमालाच्या घड्या घालतात, वर्तमानपत्राचे तुकडे करून एकावर एक रचतात, मोडतात, पुन्हा रचतात. क्रांती म्हणाली, "आई, पत्ते शोधतायत गं ते." मला दिसत होतंच, तिनं बोलून दाखवलं.

१८ मे

आज मी पत्ते विकत घेतले. हरभट रोडवर, खेळण्यांच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "नातवंडांसाठी का?" मी म्हटलं, "नाही, नवऱ्यासाठी." सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पत्त्याला हात लावला.

क्रांतीकडं वर्षाची चिंच फोडायचं काम चाललंय. ओंजळभर चिंचोके धुऊन वाळवून घेतले. दुपारी गॅलरीत सतरंजी टाकली, अर्धे त्यांच्यापुढं ठेवले, अर्धे माझ्यापुढं, आणि पत्ते मध्ये. त्यांच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. मी वाटायला लागले तर हात धरला. "आसं न्हाई, आक्का. डावीकडनं. एकेक." तीन महिन्यांत एवढं लांब बोलणं पहिलंच. मला तीन पानीतलं ओ की ठो कळत नाही. मी पानं उलटीसुलटी धरत होते, ते दुरुस्त करत होते. शिकवायला चांगले आहेत. मीच बेशिस्त विद्यार्थिनी.

तिसऱ्या डावात माझे सगळे चिंचोके जिंकले. हसले, खिशात भरले. मग एकाएकी चेहरा उतरला. दाराकडं बघितलं, आत कुणी आहे का ते बघितलं आणि माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "आक्का, एक सांगू? कुनाला बोलायचं न्हाई."

"नाही बोलत."

"आमच्या बाईला कळू देऊ नगा. पत्ते खेळलो म्हनून."

मी पानं खाली ठेवली.

"म्या पालीला भंडारा उचललाय तिच्यासाठी. पत्त्याला हात लावनार न्हाई म्हनून. हितं," असं म्हणून उजवा तळहात माझ्यापुढं पसरला. रिकामा, स्वच्छ धुतलेला. "तिला कळलं तर बोलायची न्हाई ती. लय कडक हाय. आता बी लय दिस झालं, बोलत न्हाई. काय चुकलं काय म्हाईत."

हेच ऐकायचं होतं मला. ह्यासाठीच चौऱ्याऐंशी दिवस मी तोंड शिवून बसले होते. ते कबूल करत होते, स्वतःच्या तोंडानं, माझ्यासमोर, आणि समोर मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मीच ती. पण ते इतक्या विश्वासानं सांगत होते की मोडवेना.

"तिचंच चुकलं," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही."

"न्हाई न्हाई," ते लगेच म्हणाले, "ती कवा चुकत न्हाई." मग खिशात हात घालून सगळे चिंचोके काढले आणि माझ्या ओंजळीत ओतले. एक खाली पडला तो वाकून उचलला, तोही ठेवला. "ह्ये तिला द्या. आन् म्हनावं, सोडलं म्या. बोल म्हनावं आता."

"सांगते," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. सतरंजीवरचे पत्ते गोळा केले, नीट एकसारखे केले आणि पिसायला घेतले.